तीन हजार मीटर दोराच्या टोकाला

बोया डेकवर आला की आधी येतो तो वास. कुजलेलं शेवाळ, मेलेले जीव, गंज आणि वर्षभर उन्हात भाजलेलं फायबर यांचा मिळून एक आंबूस, जड दर्प असतो. दोनदा आंघोळ केली तरी तो नखांतून जात नाही. क्रेनला लोंबणाऱ्या त्या पिवळ्या, चपट्या, सव्वादोन मीटर रुंद अंगाचा तळ दिसतच नाही, कारण तिथे बार्नेकलचं रान माजलेलं असतं. बोटभर लांबीचे मऊ करडे देठ, देठाच्या टोकाला नखाएवढं पांढरं कवच आणि कवचाच्या फटीतून डोकावणाऱ्या पिसासारख्या तारा. बोया पाण्याबाहेर निघून बराच वेळ झाला तरी त्या तारा उघडमीट करत राहतात. त्यांच्या आडोशाला राहणारे चिमुकले खेकडे डेकवर पडतात आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. किनारा शेकडो किलोमीटर दूर असताना ही एवढी वस्ती एका तरंगत्या तुकड्याच्या आधाराने उभी राहिलेली असते.

नवीन आलेल्या मुलांचे हात लगेच खरवडणी घ्यायला शिवशिवतात. त्यांना थांबवावं लागतं. आधी फोटो, मग प्रत्येक सेन्सर कोणत्या खोलीवरून आला त्याची नोंद, मग तो आहे तसाच पाण्याच्या टाकीत ठेवून जहाजावरच्या विश्वासाच्या उपकरणाशी ताडून बघायचा. खारेपणा मोजणाऱ्या सेन्सरमध्ये काचेची अरुंद नळी असते. त्या नळीतून पाण्याची विद्युतवाहकता मोजली जाते आणि तीवरून क्षारता निघते. नळीत मोहरीएवढा जीव चिकटला तरी वाहकता कमी दिसते आणि समुद्र आहे त्यापेक्षा गोडा वाटायला लागतो. धुऊन पुसून ताडलं तर शेवटच्या दोन महिन्यांतली चूक किती होती ते कधीच कळणार नाही. म्हणून घाणीसकट ताडायचं, मग धुवायचं, मग पुन्हा ताडायचं. पाच-दहा मीटरवरचे सेन्सर असे लगडलेले येतात आणि त्याच वायरवरचा पाचशे मीटरवरचा सेन्सर मात्र कालच पेटीतून काढल्यासारखा चकचकीत असतो. उजेड पोचत नाही तिथे शेवाळही नाही.

मी दापोली तालुक्यातला, हर्णैजवळचा. इन्स्ट्रुमेंटेशन शिकलो आणि नोकरीच्या निमित्ताने चेन्नईला येऊन या कामात पडलो. भारताचा डेटा बोयांचा राष्ट्रीय कार्यक्रम चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयओटीत, १९९६ मध्ये सुरू झाला. नॉर्वेच्या मदतीने १९९७ मध्ये पहिले बोये पाण्यात उतरले. आज बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात खोल पाण्यात नांगरलेल्या बोयांची रांग आहे. पाण्याबाहेर सुमारे तीन मीटर उंचीवर वारा, हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, पाऊस आणि ऊन मोजलं जातं, तर पाण्याखाली पाचशे मीटरपर्यंत ठिकठिकाणी तापमान, क्षारता आणि प्रवाह. आकडे उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येतात. तिथून हवामान खात्याकडे, हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडे आणि जगभरच्या अंदाज केंद्रांकडे जातात.

गावी गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. आता वरून सगळं दिसतं ना, मग पाण्यात बोये कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तपशिलात दिलं पाहिजे असं मला वाटतं. ढग दाटले की अवरक्त किरणांनी बघणाऱ्या उपग्रहाला समुद्राचा पृष्ठभाग दिसत नाही. सूक्ष्मलहरींनी बघणारा ढगांतून बघतो, पण मुसळधार पावसात तोही अडखळतो. म्हणजे वादळाच्या पोटात काय चाललंय ते बघायची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्या वेळी वरची नजर कमजोर होते. हवेचा दाब तर वरून थेट मोजताच येत नाही. चक्रीवादळाची ताकद आपल्याकडे मुख्यत्वे ढगांच्या आकारावरून ठरवतात. त्या पद्धतीला ड्वोरॅक पद्धत म्हणतात आणि तिने फार मोठं काम केलं आहे, पण शेवटी तो अनुभवावर बांधलेला अदमास असतो. अमेरिकेत वादळात विमानं घालून मोजमाप करतात. आपल्या समुद्रांवर तशी नित्याची सोय नाही. मग वादळाच्या वाटेत एखादा बोया आला तर प्रत्यक्ष मोजलेला आकडा तोच देतो.

आणि वरची नजर फसते तेव्हा काय होतं, त्याचं उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९८२ च्या वसंतात मेक्सिकोत एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची धूळ आणि गंधकाचे कण वातावरणात उंच पसरले आणि उपग्रहांना प्रशांत महासागर आहे त्यापेक्षा थंड दिसू लागला. त्याच काळात तिथे विसाव्या शतकातला एक अतिशय तीव्र एल निनो, म्हणजे त्याच महासागराचं तापणं, आकार घेत होतं. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत जमलेल्या जाणकारांना तो एल निनो ओळखता आला नाही. पेरूत पूर आले, ऑस्ट्रेलियात आणि इंडोनेशियात दुष्काळ पडला, तेव्हा सगळ्यांना उमजलं. त्यानंतर अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन हेज यांच्या पुढाकाराने विषुववृत्तावर बोयांची साखळी नांगरायला सुरुवात झाली आणि १९९४ पर्यंत सुमारे ७० बोये उभे राहिले. साखळी पूर्ण झालेली बघायला हेज उरले नाहीत. हिंदी महासागरातली रामा नावाची साखळी हे त्याच वंशातलं काम, खास मान्सूनसाठी उभारलेलं, आणि त्यात भारतीय जहाजांनी मोठा वाटा उचलला आहे.

पण मला स्वतःला या कामात गुंतवून ठेवलं ते पाण्याखालच्या आकड्यांनी. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावदी, महानदी यांचं पाणी ओतलं जातं आणि वरून पाऊस. त्या गोड्या पाण्याचा थर दुधावर साय धरावी तसा खाऱ्या पाण्यावर तरंगतो. हलकं असल्याने खाली मिसळत नाही. त्यामुळे ऊन लागलं की वरचं पाणी तापत राहतं आणि खालचं थंड पाणी वर यायला वाटच उरत नाही. साध्या समुद्रात चक्रीवादळ स्वतःच्या वाऱ्याने पाणी घुसळतं, खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळाचं इंधन थोडं कमी होतं. पावसाळ्यानंतर उत्तर उपसागरात हा लगाम बराच ढिला पडतो, कारण घुसळूनही तो गोडा थर सहज फुटत नाही. हे वरून दिसत नाही. त्यासाठी एक मीटरवर, पाच मीटरवर, दहावर, वीसवर, पन्नासवर सेन्सर लावून महिनोन्‌महिने वाट बघत बसावं लागतं. उपसागरात मोठा पाऊस पडून गेला की आमच्या पडद्यावर आधी एक मीटरवरची क्षारता खाली सरकते. मग काही तासांनी पाच मीटरवरची. पाऊस समुद्रात मुरताना मी पहिल्यांदा पाहिला तो असा, दोन रेघांच्या रूपात. ते बघून मी त्या रात्री प्रयोगशाळेतून उठलोच नाही.

बोया उतरवण्याचा दिवस लांबलचक असतो. पहाटे प्रतिध्वनिमापकाने तळाची खोली पुन्हा पक्की करतात, कारण त्यावर दोराची लांबी ठरते. वरचे काही शे मीटर प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी वायर. तिच्यावरच सेन्सर चिमटवलेले असतात आणि त्या वायरमधूनच त्यांचे आकडे वर येतात. वायर घालायचं आणखी एक कारण आहे. वरच्या पाण्यात मासे दोर चावतात, आणि शार्कने चावलेला नायलॉनचा दोर वादळाची वाट बघत नाही. त्याखाली नायलॉन, त्याखाली तरंगणारा दोर, मग काचेचे गोळे, अकौस्टिक रिलीज आणि सगळ्यात शेवटी दोन-तीन टनांचा सिंकर. अमेरिकी बोयांना तर भंगारात काढलेली रेल्वेची चाकं बांधतात. बोया आधी पाण्यात सोडायचा, मग जहाज अगदी मंद गतीने पुढे घेत तीन हजार मीटरहून अधिक दोर तासन्‌तास सोडत राहायचं. ठरलेली जागा ओलांडून थोडं पुढे जायचं आणि मग सिंकर ढकलायचा, कारण खाली जाताना तो मागे सरकत सरकत जातो.

सिंकर गेला की काम संपलं असं डेकवर कुणालाच वाटत नाही. सगळे कठड्याला येऊन उभे राहतात. दूरवर लाटांत डोलणारा बोया अचानक चालायला लागतो. ना इंजिन, ना शीड, तरी पुढे पाणी कापत, मागे फेस सोडत तो सरळ रेषेत धावतो. कारण खाली अंधारात काही टनांचं वजन त्याला ओढत घेऊन चाललेलं असतं. अर्ध्या-पाऊण तासाने तो थबकतो, एकदा खाली खेचला जाऊन वर येतो आणि डोलू लागतो. सिंकर तळाला टेकला. त्यानंतर जहाज जवळपासच थांबवून ठेवायचं आणि पहिल्या संदेशाची वाट बघायची. बोया म्हणतो दाब इतका, जहाजाचं उपकरण म्हणतं इतका. दोन्ही जुळले की रात्रीच्या जेवणाची चव कळते.

काढायचं काम जास्त जोखमीचं. पाण्यात सोडलेल्या यंत्रातून सांकेतिक ध्वनी पाठवला की तळाजवळची रिलीज उघडते, सिंकर तिथेच राहतो आणि काचेचे गोळे दोर घेऊन वर येतात. बोयाला हूक लावायला दोघं-तिघं वाकलेले असतात. जहाज वर जातं तेव्हा बोया खाली, बोया वर येतो तेव्हा जहाज खाली. पाण्यातून सुटलेला बोया हवेत लोंबकळला की दोन बाजूंनी ओढून धरलेल्या दोरांनीच त्याला आवरायचं असतं. एखादा दोर ढिला पडला तर ते धूड कुणाच्या छातीवर येईल सांगता येत नाही. सागर निधीसारखं जहाज आपल्या यंत्रणेने एका जागी स्वतःला धरून ठेवू शकतं. तरी लाट थांबवणं कुठल्याच जहाजाच्या हातात नाही.

जुलैमधला एक दिवस आठवतो. खालून दक्षिणेची लांब लाट येत होती आणि तिच्यावर वाऱ्याने उठवलेली आखूड लाट आडवी चढत होती. लाटेची उंची आमच्या मर्यादेत होती. बोया दोन महिने आजारी होता, दाबाचा सेन्सर बंद पडला होता आणि परतीचा दिवस जवळ आला होता. मी घाई करत होतो. आमचा बोसन रत्नागिरीकडचा, आयुष्य जहाजांवर गेलेला. तो माझ्या शेजारी बराच वेळ गप्प उभा राहिला.

"उंची नका बघू साहेब," तो म्हणाला. "दोन लाटांमधला वेळ बघा. हूक लावून सुटायला माझ्या पोरांना जेवढा वेळ लागतो, तेवढा मिळतोय का?"

"नाही मिळत."

"मग चहा घेऊ या."

आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आडवी लाट बसली आणि वीस मिनिटांत बोया डेकवर होता. तेव्हापासून मी सर्वांत आधी लाटांमधला वेळ बघतो. पुस्तकातल्या मर्यादा बोटीवरच्या माणसांचे हात किती चपळ आहेत ते विचारात घेत नाहीत.

खवळलेल्या समुद्राने तोडलेले बोये मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तो व्यवहार ठरलेलाच आहे. झिजून तुटलेल्या दोराचं टोक पिंजारलेलं असतं, एकेक पीळ वेगवेगळ्या जागी हार मानून सुटलेला. पण काही वेळा टोक हातात येतं ते सपाट असतं. सगळे पीळ एकाच रेषेत. ते बघितलं की पोटात कालवाकालव होते. बोयाच्या सावलीत आधी शेवाळ येतं, मग बारीक मासळी, मग तिच्यामागे डोराडो आणि टुना. मासेमारी करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. बोट बोयाला बांधली की इंजिन बंद, डिझेलची बचत आणि खाली मासा तयार. मग गळाच्या लांब दोऱ्या वायरला गुरफटतात, मास्ट वाकतो, कधी सौर पॅनेल जातं आणि कधी अडकलेलं जाळं सोडवण्यासाठी दोरच कापला जातो. मोकळा झालेला बोया आपली जागा तरीही कळवत राहतो. ठरलेल्या घेराबाहेर तो पडला की आमचा फोन वाजतो आणि त्याच्या मागे कुठलं जहाज पाठवता येईल याची शोधाशोध सुरू होते.

या गोष्टीला सरसकट चोरी म्हणणारे लोक आहेत. मी म्हणत नाही. मी ज्या गावात वाढलो तिथे समुद्रात आधाराला जे सापडेल ते आधाराचं, ही रीत आहे, आणि रिकाम्या जाळ्याने आठ दिवस फिरलेल्या माणसाला तो पिवळा ठिपका काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. पण नुकसान फक्त उपकरणाचं नसतं, हे मला त्या माणसापर्यंत पोचवायचं असतं. उपकरण पुन्हा बनवता येतं. जो तास मोजायचा राहिला तो तास कुठल्याही पैशांनी पुन्हा मोजता येत नाही. दहा वर्षांच्या नोंदीत चार महिन्यांची फट पडली तर पुढे शंभर वर्षं जो कुणी ती नोंद उघडेल त्याला ती फट तशीच मिळणार. किनाऱ्यावरच्या गावांत आता यासाठी बैठका होतात आणि स्थानिक भाषांत पत्रकं वाटतात. माझ्या मते यांतलं पत्रक कमी उपयोगाचं. समोरासमोर बसून, बोयाचे आकडे दाखवून केलेली बैठक जास्त टिकते.

तास मोजला गेला म्हणजे काय होतं ते २०१३ च्या ऑक्टोबरात आम्ही अनुभवलं. फायलिन वादळ उपसागरातल्या बीडी-१० या बोयाच्या अगदी जवळून गेलं. पडद्यावर हवेच्या दाबाची रेघ कोसळली आणि मग पुन्हा चढत गेली. एवढ्या वाऱ्यात तो बोया उभा राहिला आणि बोलत राहिला. १२ ऑक्टोबरला वादळ ओडिशात गोपाळपूरजवळ किनाऱ्याला लागलं. तोवर लाखो माणसं सुरक्षित जागी हलवलेली होती. १९९९ च्या महावादळात त्याच राज्यात सुमारे दहा हजार माणसं गेली होती. या वेळी आकडा पन्नासच्या आत राहिला. याचं श्रेय एकट्या बोयाला देणं अन्याय होईल. निवारे बांधणारे, घरोघर फिरून लोकांना बाहेर काढणारे, अंदाज वर्तवणारे, सगळ्यांचे हात त्यात आहेत. पण त्यानंतरच्या अंदाजांची गणितं ज्या नोंदींवर घासून बघितली जातात त्यांत त्या रात्रीची ती रेघ आहे.

२०२० च्या टाळेबंदीत जगभर जहाजं बंदरांत अडकली. बोयांची देखभाल थांबली, बॅटऱ्या संपत आल्या आणि एकेक जागा गप्प होत गेली. आम्ही घरी बसून ते बघत होतो. त्याच उन्हाळ्यात ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. अरबी समुद्राच्या आग्नेय भागात एप्रिल-मे महिन्यांत पाणी तीस अंशांच्या वर तापतं, ते आम्हाला दरवर्षी दिसतं. पण ते तापलेलं पाणी माझ्या गावच्या वाड्यांचं काय करू शकतं, ते मला त्या दिवशी फोनवर ऐकू आलं. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं लागतात. आमच्या शेजारच्या नानांनी वाडीतली पडलेली झाडं मोजायचं नाकारलं. पंचनाम्याला आलेल्या माणसाला ते म्हणाले, "उभी आहेत ती मोज." बोटी मात्र आधीच परत आल्या होत्या. इशारा वेळेवर मिळाला होता.

नंतर गावी गेलो तेव्हा बंदरावर एक जुना तांडेल भेटला. माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. जाळं शिवत बसला होता. मी काय काम करतो ते त्याला अर्धवट माहीत होतं.

"तुझ्या त्या बोयाखाली मासा धरतो म्हणतात, खरं का रे?"

"खरं आहे काका. भरपूर धरतो."

सुई थांबवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खोटं सांगेन असं त्याला वाटलं असावं. मग मी त्याला फोनवर निसर्गच्या आठवड्यातले आकडे दाखवले, वारा, दाब, पाण्याचं तापमान. कुठला आकडा कुठल्या खोलीवरून येतो ते सांगितलं. दोर कुठे असतो, किती लांब पसरलेला असतो आणि जवळ जाळं टाकलं तर कशात अडकतं तेही. तो एकेका आकड्यावर बोट ठेवून विचारत गेला. वाऱ्यापेक्षा त्याला पाण्याच्या तापमानात जास्त रस होता. पन्नास मीटरवर पाणी कधी थंड होतं, हा त्याचा खरा प्रश्न होता, कारण मासा तिथे थांबतो.

"हे आम्हाला मिळेल का?"

"मिळतं. इन्कॉइसच्या साइटवर असतं. पण आपल्या भाषेत, एका नजरेत कळेल असं अजून हवं."

"मग ते आधी कर," तो म्हणाला. "दोराला कुणी हात लावणार नाही ते मी पोरांना सांगतो."

त्याच्या वहीत मी अरबी समुद्रातल्या बोयांचे अक्षांश-रेखांश लिहून दिले आणि किती अंतर राखायचं ते खाली मराठीत लिहिलं. त्याने ते दोनदा वाचून घेतलं, एका आकड्याचा तीन की आठ हे विचारून नीट करून घेतलं आणि पोराला हाक मारून वही बोटीवर ठेवायला दिली.